मल्लम्माची अकरा मिनिटं

२२ जुलै २०२४, सोमवार

कॉम्प्युटर आजही अडून बसलाय. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात छोटा ढग दिसतो, त्यावर लाल फुली. परवापासून मोबाईलमधलं एकही रेकॉर्डिंग इकडं उतरलेलं नाही. बंद करून चालू केला. वायफायचा डबा काढून परत लावला. खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत शिरायला गेलो तर 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणून हाकलून दिलं. बत्तीस वर्षं मास्तरकी केली, एवढा हट्टी विद्यार्थी बघितला नाही.

संध्याकाळी नांदेडहून उज्वलाचा फोन. "बाबा, किती झाले?" एकोणचाळीस म्हणालो. त्र्याण्णवच्या भूकंपातून आमच्या गावातले जे वाचले, त्यांचं त्यांच्या तोंडून ऐकून घ्यायचं, मग सावकाश कागदावर उतरवायचं. दरवर्षी दोन-चार माणसं कमी होतात. वेशीजवळचे दोघं गेल्या उन्हाळ्यात गेले, त्यांचं राहूनच गेलं. म्हणून घाई.

लेकीला हुरूप आहे. तिच्या आईला नाही. फोन ठेवल्यावर केवळा म्हणाली, "झालं की एवढं. आता पुरे." ती लग्न होऊन पंच्याण्णवला आली. तिनं भूकंप पाहिलाही नाही, तरी त्या विषयावर ती उठून जाते.

२४ जुलै, बुधवार

बालाजी येऊन गेला. देविदासचा, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. किल्लारीला त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सध्या पीक विम्याची गर्दी, तरी दुकान बंद करून आला. पाच मिनिटांत दुखणं सापडलं. कॉम्प्युटरचं घड्याळ एक जानेवारी दोन हजार पंधरावर जाऊन बसलं होतं.

"मोठे बाबा, ह्याला आज कोणतं साल हाय त्येच कळंना गेलंय. तारीख चुकली की तिकडलं दार उघडत न्हाई." आतला बटणाएवढा सेल बदलला आणि बघता बघता सगळी रेकॉर्डिंग्ज खाली उतरली. प्रत्येकापुढं हिरवी टिक.

मोबाईल भरला होता, म्हणून त्यानं अशी सोय केली की रेकॉर्डिंग वर ढगात पोचलं की मोबाईलमधून आपोआप निघून जाईल. माझं खातं त्याच्या दुकानातल्या मशीनवरही लावून ठेवलं. "काही अडलं तर तिथूनच बघतो. तुम्ही हेलपाटा घालू नका."

जेवून जा म्हणालो तर उभ्या उभ्या भाकरी खाल्ली. किंचित लंगडतो, पण मोटरसायकलवर बसला की कळत नाही. भूकंपात त्याचा पाय चिरडला होता, पाच वर्षांचा होता तेव्हा. त्याचं दहावीपासून पुढचं शिक्षण मी केलं. माझा रामलिंग असता तर बालाजीपेक्षा एका वर्षानं मोठा असता. हे मी कोणाजवळ बोलत नाही.

३० जुलै, मंगळवार

देविदासला आज तिसऱ्यांदा म्हणालो, तुझं निवेदन दे. "मला काय येतंय अण्णा बोलाया? फवारणी हाय." मागच्या वेळी खुरपणी होती, त्याआधी सोयाबीनची पेरणी. त्याच्याशिवाय पुस्तक कसं होणार? त्या सकाळी आमच्या घरातला हिंडता-फिरता माणूस तो एकटाच.

५ ऑगस्ट, सोमवार

मल्लम्माकडं गेलो. जुन्या गावात तिचं अंगण आणि आमची मागची भिंत एकच होती. आता सत्तरीच्या पुढं आहे, नव्या गावाच्या शेवटच्या रांगेत एकटी राहते. माहेर बसवकल्याणकडचं, मराठी बोलते पण चिडली की कानडी.

सुरुवात मराठीत केली. विसर्जन करून लोक दमून झोपले होते, पहाटे आवाज कसा झाला, तिचा हात कसा मोडला. मग माझ्याकडं बघायची थांबली. भिंतीकडं तोंड केलं आणि कानडी सुरू केली. मी थांबवलं. "मल्लम्मा, मला कळंना गेलंय."

"असू दे. मशीनला कळंल की. माझ्या तोंडानं मराठीत न्हाई यायचं ते. तू कुनाकडनं तरी समजून घे, माष्तर."

मग अकरा मिनिटं कानडीतच बोलली, न थांबता, आवाज न चढवता. मला फक्त 'नीरु' कळलं, चार-पाच वेळा आलं. पाण्याचे फार हाल झाले असणार. शेवटी पदरानं तोंड पुसलं आणि मला चहा न देता म्हणाली, "जा आता." असं ती कधी करत नाही. वय झालं.

घरी आल्यावर पाहिलं, चाळिसावी फाईल ढगात पोचली होती. हिरवी टिक.

६ ऑगस्ट, मंगळवार

बालाजीची बायको बसवकल्याणची, त्याला कानडी चांगली कळते. त्याला फोन करून सांगितलं, चाळीस नंबर ऐक आणि मराठीत मला लिहून दे. "मल्लम्माचं व्हय? देतो की."

११ ऑगस्ट, रविवार

बालाजी म्हणतो, आवाज नीट नाही. पंख्याची खरखर आहे, काही समजत नाही. मी इथं लावून बघितलं, मला स्वच्छ ऐकू आलं. मल्लम्माकडं पंखाही नाही. पण त्याच्या दुकानातले स्पीकर जुने असतील. "हेडफोन लावून ऐक," म्हणालो. "बघतो, मोठे बाबा." आवाज उतरलेला वाटला. गर्दीनं थकलाय पोरगा.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

चाळीस नंबर नाही.

काल झेंडावंदनाच्या गडबडीत कॉम्प्युटर लावला नव्हता. आज लावला तर यादी एकोणचाळीसवर संपते. वाटलं, मीच दुसरीकडं ठेवली. सगळे फोल्डर उघडले. 'मल्लम्मा' टाकून शोधलं, मग इंग्रजीत टाकून शोधलं, मग तारखेनं. मोबाईलमध्ये नाही, तिथून तर आपोआपच गेलेली. वर ढगातही नाही. लाल फुली नाही, तक्रार नाही. बाकी सगळ्यांपुढं हिरवी टिक. म्हणजे त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक आहे.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखी. उज्वलाची राखी बालाजीला पोस्टानं आली होती, ती बांधायला तो आला. सख्खा भाऊ नाही म्हणून ती लहानपणापासून त्यालाच बांधते. आल्यावर त्यानं कॉम्प्युटर पाहिला. सिंक थांबवलं, सुरू केलं, घड्याळ तपासलं, सगळं काढून परत बसवलं. दीड तास खपला. घाम पुसत म्हणाला, "कधीकधी उडते एखादी फाईल. नेट तुटलं की व्हतंय असं."

"एकच कशी उडाली? नेमकी तीच?"

"मशीनचं काय सांगावं."

केवळा चहा घेऊन दारात उभी होती. तिनं बालाजीकडं पाहिलं, त्यानं तिच्याकडं. मग ती म्हणाली, "देवानंच नेली समजा." मला राग आला. देवाला कशाला मध्ये आणता? तारीख चुकली होती तेव्हा देव नव्हता, सेल होता.

कचऱ्याचा डबा, म्हणजे काढून टाकलेलं जिथं जातं ते, बघायला सांगितलं. रिकामा आहे म्हणाला.

२२ ऑगस्ट, गुरुवार

मल्लम्माकडं परत गेलो. हात जोडून म्हणालो, मशीननं घोळ केला, पुन्हा एकदा सांग.

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "कळलं न्हाई तुला आजून?"

"कसं कळणार? फाईलच गेली."

"कुनाला दिलती ऐकाया?"

"बालाजीला."

ती हसली. आनंदाचं हसू नव्हतं. "एकदा बोलले. दुसऱ्यांदा बोलायचा जीव न्हाई ऱ्हायला माझा. माष्तर, पोरगा तुझा लई हुशार हाय कॉम्प्युटरमधी. त्यालाच विचार कुटं गेली ती."

मी म्हणालो, त्यानं दीड तास खटपट केली बिचाऱ्यानं. ती उठून आत गेली.

१ सप्टेंबर, रविवार

दिवसभर पाऊस, वीज नाही. पोळा उद्या. बसून विचार केला, पुस्तकात माझं स्वतःचं काय लिहायचं? मी गावात नव्हतोच. तेव्हा हदगावला नोकरीला होतो. गणपतीला पंचफुला, माझी पहिली बायको, आणि रामलिंग गावी आले. मला म्हणाली होती, तुम्हीही चला. चाचणी परीक्षा होती, मी राहिलो. बातमी रेडिओवर ऐकली. बस, ट्रक, मग चालत, असं करत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा दोघांचंही उरकलेलं होतं. कोणी थांबू शकत नव्हतं. देविदास राखेजवळ बसला होता. मला बघून पायाशी पडला.

"झोपेतच गेली दोघंबी, अण्णा. काईच कळलं न्हाई त्यास्नी."

या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. खरंच सांगतो, दुसरं काही नव्हतं धरायला. परत शाळेत उभा राहिलो, लग्न केलं, उज्वला झाली. वर्गात एखादं सहा वर्षांचं पोर बाकावर डोकं ठेवून झोपलेलं दिसलं की मी त्याला उठवत नसे.

८ सप्टेंबर, रविवार

उज्वलाला फोनवर सगळं सांगितलं. ती नांदेडला शाळेत गणित शिकवते, तिला 'उडाली' हा शब्द चालत नाही. "बाबा, तारीख चुकली की सिंक थांबतं. नेट तुटलं की अर्धवट राहतं. पण चढलेली फाईल सगळीकडून एकाच वेळी जाते, ती कोणीतरी कुठल्यातरी मशीनवरून काढून टाकली तरच. एका ठिकाणी काढली की सगळीकडून जाते, सिंकचं कामच ते."

"मी नाही काढली."

"तुम्ही नाही म्हणत मी. डब्यात असेल. तीस दिवस राहते तिथं."

डबा रिकामा आहे, बालाजीनं बघितलाय, म्हणालो. ती म्हणाली, "मला बघू द्या. तुमच्या मोबाईलवर नंबर येईल तो सांगा." सहा आकडे आले. ते कोणालाही सांगू नका असं त्याखालीच लिहिलं होतं. बँकवालेही हेच बजावतात. मी सांगितलं नाही. उज्वला हसून हसून दमली. "मग मोबाईल घेऊन इकडंच या. लवकर या, बाबा. तीस दिवस कधीचे मोजायचे ते माहीत नाही."

११ ऑगस्टला माझ्याकडं मल्लम्माचा आवाज स्वच्छ ऐकू आला होता. सोळाला फाईल नव्हती. म्हणजे कमीत कमी दोन, फार तर सात दिवस उरले.

९ सप्टेंबर, सोमवार

केवळा सोडायला तयार नाही. महालक्ष्म्या उद्या बसतात, त्या उठल्याशिवाय घरातल्या पुरुषानं वेस ओलांडायची नाही म्हणते. असा नियम मी कधी ऐकला नव्हता. सडकेच्या कडेला नवं गाव झालं तेव्हापासून तर वेसही नाही आम्हाला. तरी थांबतो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार. नांदेड

सकाळच्या गाडीनं लातूर, तिथून नांदेड. दुपारी दोनला उज्वलाच्या घरी. पाणी पिऊन लगेच बसलो. यावेळी आकडे सांगितले.

डब्यात एकच फाईल होती. चाळीस, मल्लम्मा. पुढं लिहिलेलं: चौदा ऑगस्टला दुपारी तीन वीसला काढली. कुठून, तर बालाजीच्या दुकानातल्या मशीनचं नाव. उद्या रात्रीनंतर कायमची गेली असती.

उज्वलानं परत आणली. ढग फिरला, हिरवी टिक आली. मी टाळ्याच वाजवल्या. म्हणालो, "बघ, चुकून बोट लागलं असेल त्याचं. गर्दी किती असते दुकानात."

पडद्यावरचं ते मशीनचं नाव बघत ती म्हणाली, "डबा रिकामा आहे असं त्यानं सांगितलं होतं ना?"

"नीट बघितला नसेल."

"हो," म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

शेजारी गुरुपादप्पा म्हणून निवृत्त पोस्टमास्तर राहतात, देगलूरचे. मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही घरची. उद्या सकाळी येतो म्हणाले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार. नांदेड

 आजचं आजच लिहिलं पाहिजे. निवेदन घेताना मी सगळ्यांना हेच सांगत होतो.

गुरुपादप्पा दहाला आले. कानडी भाग सुरू झाला. ते दोन वाक्यं ऐकायचे, थांबवायचे, मराठीत सांगायचे. उज्वला लिहून घेत होती. पहिल्याच मिनिटानंतर ते थांबले. "मास्तर, ह्या बाई तुमच्याशीच बोलायलेत. तुमचा मुलगा म्हणायलेत. तुम्हाला ठाऊक हाय का हे?"

मी म्हणालो, पुढं सांगा.

त्यांनी सांगितलं ते असं. उजाडलं तेव्हा तुमच्या ढिगाऱ्यातून दोन पोरांचे आवाज येत होते. एक अलीकडं, एक पलीकडं. तुझ्या बायकोचा आवाज नव्हताच. तुझी भावजय बाहेर बेशुद्ध. देविदासनं अलीकडचं पोर काढलं. त्याचं होतं. पाय लोंबत होता. खांद्यावर टाकलं आणि सडकेकडं पळाला. पलीकडचं पोर हाक मारत राहिलं, काका, काका. मी एका हातानं दगड काढत होते, दुसरा मोडलेला. ताटलीनं माती उकरली. मोठा दगड हलेना. माणसं नव्हती, ज्याचं त्याला झालं होतं.

इथं गुरुपादप्पांनी चष्मा काढला. उज्वला म्हणाली, काका, राहू द्या. मी म्हणालो, नाही.

फटीतून मी पाणी सोडलं. नीरु, नीरु म्हणत होतं. सुटीत गावी आलं की माझ्याकडं खेळायला यायचं तेव्हा माझंच ऐकून शिकलेलं, पाणी म्हणायचं नाही, नीरु दे म्हणायचं. थोडं प्यायलं. दहा वाजेपर्यंत बोलत होतं. बाबा आले का, विचारलं. येतायत म्हणाले मी. मग नाही बोललं. देविदास दुपारी आला. मी सांगितलं तर माझ्या पाया पडला. अण्णाला सांगू नको म्हणाला, झोपेत गेलं म्हण. मी शब्द दिला, एवढी वर्षं पाळला. आता मी जाणार. मास्तर, तुझं पोर झोपेत नाही गेलं. पण एकटंही नाही गेलं. मी होते.

अकरा मिनिटं संपली. गुरुपादप्पा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसले. चहा गार झाला. उज्वला रडत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. घरात माहीत नसलेले आम्ही दोघंच.

संध्याकाळी तिनं न विचारताच खात्याला जोडलेल्या मशीनची यादी उघडली आणि बालाजीचं मशीन काढून टाकलं. "बाबा, करू ना?" एवढंच म्हणाली, करून झाल्यावर.

१४ सप्टेंबर, शनिवार

घरी आलो. चप्पल न काढताच केवळाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती खाली बसली. "लग्न होऊन आले तवाच जाऊबाईनं सांगितलं. कुंकवाची शपथ घातली. तुम्ही जगणार न्हाईत म्हनली."

"एकोणतीस वर्षं?"

"रोज वाटायचं सांगावं. मग तुम्ही जेवायला बसायचात."

भावजय जाऊन बारा वर्षं झाली, शपथ मात्र राहिली. मी झोपेत दचकून उठायचो तेव्हा हीच पाठीवरून हात फिरवत म्हणायची, झोपेतच गेला ओ तो, त्याला काही झालं नाही. शब्द देविदासचे, हात हिचा.

१५ सप्टेंबर, रविवार

बालाजी स्वतः आला. दुकानातल्या मशीनवरून खातं गेल्यावर त्याला कळलंच असणार. दारात उभा राहिला.

"तू ऐकलंस सहा तारखेलाच?"

"हाव."

"आणि अकरा तारखेला मला पंख्याची खरखर सांगितलीस."

"काय सांगू, मोठे बाबा? मला बी ठाऊक नव्हतं. आमच्या बापानं मला बी कधी सांगितलं न्हाई. ऐकलं अन् दुकानात खाली बसलो. तुम्ही माझी फी भरली, मला लातूरला ठेवलं, माझ्या लग्नात बापाच्या जागी उभे ऱ्हायलात. अन् मी कुणाच्या जागी जगून राहिलो..." 

त्याच्या बोलण्यातलं अर्धं खरं आहे. पाच वर्षांच्या पोराला कोणी विचारलं नव्हतं. ते मी त्याच्या अंगावर टाकणार नाही. पण राखीच्या दिवशी दीड तास तो माझ्याशेजारी बसून, जे त्यानंच काढलं होतं ते शोधायचं सोंग करत होता. सेल तपासत होता. घाम पुसत होता. मी त्याला दोनदा पाणी आणून दिलं.

हे मी त्याला म्हणालो. 

"डबा का नाही रिकामा केलास? एकदा दाबलं असतं की झालं असतं."

"चारदा गेलो दाबाया. हात धजला न्हाई."

मी आत ये म्हणालो नाही. तो गेला.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी. सकाळी शाळेत मुक्तिदिनाचं झेंडावंदन, दुपारी गणपती निघाले. देविदास गावात नव्हता, शेतातल्या आखाड्यावर, खोपटापाशी सापडला. बाजेवर बसला होता, फवारणीचा पंप शेजारी कोरडा. मला येताना बघून उठला नाही.

मी मोबाईल काढला नाही. शेजारी बसलो. पहिल्यांदा तोच बोलला.

"बालाजीचा पाय लोंबत हुता, अण्णा. रगत थांबंना गेलतं. सडकंवर टेम्पो उभा हुता, उमरग्याला निघालेला. त्यो गेला असता तर पोरगं ऱ्हात न्हवतं."

"बालाजीला आधी काढलंस, त्याचं मी काही म्हणत नाही. मीही तेच केलं असतं. टेम्पोत दुसऱ्या कोणाजवळ द्यायचं होतंस. परत फिरायचं होतंस."

"गळ्याला मिठी मारलती त्यानं. सोडंना गेला."

लांबून ढोल ऐकू येत होते. एक प्रश्न मी नांदेडपासून घेऊन आलो होतो. बसमध्ये तो मी दहा-वीस प्रकारे मनात बोलून पाहिला होता. शेवटी साधाच विचारला.

"रामलिंग हाक मारत होता, तेव्हा तू ओ दिलीस का?"

देविदास हाताची नखं बघत होता.

"दिली."

"काय म्हणालास?"

"'आलो' म्हनलो."

मी उठलो. बांधापर्यंत गेलो तेव्हा मागून त्यानं हाक मारली, "अण्णा." मी थांबलो नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मल्लम्माचं निवेदन पूर्ण उतरवलं. टाइप करताना 'नीरु' हा शब्द तसाच ठेवला, कंसात अर्थ दिला नाही. या भागात तो कोणाला सांगावा लागत नाही.

केवळा सकाळी म्हणाली, "छापणार का? देविदासभाऊजीला गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हाणार न्हाई." मी म्हणालो, त्रेचाळीस जणांचं घ्यायचं होतं, जेवढ्यांचं मिळालं तेवढं छापणार, काही गाळणार नाही. मग दुपारभर मनात हेच चाललं, की मी हे खऱ्यासाठी करतोय की त्याला दुखवायला? प्रामाणिक उत्तर असं की दोन्ही. एकेका तासाला बदलतं. भुकेल्यासारखा राग येतो आणि मग तोच देविदास दिसतो, सात वर्षांचा, शाळेत जाताना माझ्या सदऱ्याचं टोक धरून चाललेला.

मल्लम्माकडं जाऊन आलो. ऐकलं म्हणालो. "समदं?" तिनं विचारलं. सगळं म्हणालो. तिनं माझा हात तिच्या वाकड्या जुळलेल्या हाताखाली घेतला. म्हणाली, "आपन बसलाव तसं बस जरा." दोन तास बसलो. या गावात बसण्यासारखी आता तेवढीच जागा आहे.

३० सप्टेंबर, सोमवार

पुस्तक झालं नाही. छापखानेवाल्यानं दिवाळीनंतर म्हटलंय, मीही घाई केली नाही. कागद कपाटात आहेत. एक्केचाळीस नंबरच्या पानावर वर 'देविदास' लिहिलंय आणि खाली त्याचा तो एक शब्द. ते पान ठेवायचं की काढायचं, अजून ठरत नाही.

सकाळी जुन्या गावी गेलो. दरवर्षी दोघं भाऊ मिळून जातो, यंदा एकटाच. आमच्या घराच्या जागी आता बाभळी आहेत. मागची भिंत होती तिथपर्यंत आत शिरलो, काटे बाजूला करत. आजवर कधी तिथं गेलो नव्हतो, लांबूनच फुलं वाहायचो. खाली बसलो आणि हातानं माती चाचपली. त्याला सांगायचं होतं की मी निघालोच होतो. बस मिळत नव्हती. 

उठलो तर बालाजी बाभळीपलीकडं उभा होता. कधी आला कळलं नाही. हातात झेंडूचा पुडा. त्याचे डोळे सुजलेले. आत यायला त्याच्या पायाला अडचण होत होती, मी नेहमी हात देतो. आज दिला नाही. तो आपला आपण आला, फुलं ठेवली.

परत निघताना विचारलं, "मोठे बाबा, घरी येऊ का?"

"आज नको."

त्यानं कधी, ते विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. मी पुढं चालत राहिलो, तो मागून, आणि सडकेपर्यंत त्याच्या एका पायाचा घासल्याचा आवाज ऐकू येत राहिला. मी वेग कमी केला नाही, वाढवलाही नाही.